भांडगाववाल्यावर संशय

भिमाजीआप्पांना माणसांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, शिरूर डेपोत, आणि त्यातली बरीचशी शिरूर-यवत गाडीवर. त्या कामात माणसाला नाव नसतं, थांबा असतो. "ओ पारगाव, पिशवी वर ठेवा." "केडगाव, दारातून आत सरका." "न्हावरे झोपलंय, उठवा रं त्याला कुणीतरी." आणि माणसंसुद्धा गुमान ओ द्यायची.

पेन्शनीत निघून आप्पा राहूला आपल्या गावी आले तरी खोड काही गेली नाही. पाहुण्याचं नाव आठवलं नाही की ते त्याला गावाच्या नावानं हाक मारत. आपल्याकडं सोयऱ्याधायऱ्यांना तसंही गावावरूनच ओळखतात, त्यामुळे ते खपून जायचं. उलट लोक म्हणायचे, आप्पांना बघा, कोण कुठला ते बरोबर ध्यानात असतं.

निवृत्तीनंतर कुणी शेळ्या पाळतं, कुणी ग्रामपंचायतीत नाक खुपसतं. आप्पांनी कादंबऱ्या धरल्या. त्याही रहस्याच्या, उशाला घेता येतील एवढ्या जाड, आणि आत माणसांची ही जत्रा. पातळ पुस्तक हातात आलं की ते तोंड वाकडं करत. "बसलो न बसलो तवर उतरायची येळ! ह्याला काय वाचन म्हंत्यात?" त्यांना सावकाश वाचायला आवडायचं. ओट्यावर पाठीला लोड घेऊन बसायचं, एक प्रकरण वाचायचं, पुस्तक छातीवर पालथं घालायचं आणि आढ्याकडं बघत विचार करायचा, की ही बाई त्या दिवशी बागेत कशाला गेली असेल बरं? त्या विचारातच त्यांना खरी गंमत होती. उत्तर कळायची त्यांना घाई नव्हती. शेवटचं पान आधी बघणाऱ्या माणसाला तर ते माणसातच धरत नसत. चुकून डोळा जाऊ नये म्हणून न वाचलेल्या पानांना ते रबरबँड लावून ठेवत आणि पुढं सरकतील तसा तो सोडवून पुन्हा लावत.

यंदा शिरूरच्या वाचनालयातून त्यांनी जी कादंबरी आणली होती, तिनं मात्र त्यांना जेरीस आणलं. थंड हवेच्या गावातला एक बंगला. त्यात एक म्हातारी मालकीण मरते आणि घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. इथवर झकास होतं. पण लेखकानं माणसांची नावं ठेवली होती मनोहर, मनोज, मनोरमा, मनीषा, मनमोहन. बाकीची अक्षरं काय महाग झाली होती का, असं आप्पा चिडून म्हणाले. मनोजनं मनोहरला पत्र लिहिलं की मनोहरनं मनमोहनला, हे बघायला सारखं मागं जावं लागायचं.

मग एके सकाळी चहा पिता पिता त्यांना युक्ती सुचली. जो माणूस ज्या क्रमानं गोष्टीत चढला, त्याला त्या क्रमानं थांबा देऊन टाकायचा. म्हातारी मालकीण झाली न्हावरे. थोरला मुलगा पारगाव. सून केडगाव. ज्याच्याकडं सगळ्यांचे कागद आणि सगळ्यांची गुपितं होती तो वकील चौफुला. त्याच्यामागून आला गोडबोल्या डॉक्टर, तो ओघानंच भांडगाव. आणि तपास करणारा हुशार अधिकारी? त्याला त्यांनी राहू म्हटलं. गाडी राहूवरून जात नव्हती, पण आपल्या गावाला एक तरी बरं काम नको का?

त्या दिवसापासून कादंबरी सुसाट सुटली.

ही गोष्ट ते रोज सकाळी फोनवर पोपटरावांना सांगत. पोपटराव म्हणजे त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर, आता शिरूरला मुलाकडं. त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं आणि इंजिनाशेजारी जन्म काढल्यानं ऐकूही कमीच यायचं. म्हणून आप्पा ओरडून सांगत. थांब्यांची भाषा पोपटरावांना लगेच कळली. "म्हंजी पारगाव आन् केडगावचं पटत न्हाई?" असं ते तिकडून ओरडत, आणि दोघं म्हातारे खूश होत.

आता घरातली गोष्ट. आप्पांची मुलगी गौतमी फार्मसी शिकून केडगावला औषधाच्या दुकानात कामाला होती. तिला स्थळ आलं होतं भांडगावचं. मुलगा इंद्रजीत, कुरकुंभला कंपनीत. स्थळ आणलं आप्पांच्या बायकोच्या, पुतळाबाईंच्या, थोरल्या बहिणीनं, साखरबाईनं. ती भांडगावातच दिलेली. पोरापोरीची पसंती झाली होती. गौतमी हल्ली फोन घेऊन सारखी मागच्या अंगणात जायची आणि हसत परत यायची. येत्या रविवारी साखरपुडा होता. घरात त्या पाहुण्यांना सगळे 'भांडगाववाले' म्हणत. आता सोयऱ्यांना आणखी काय म्हणतात?

त्या सकाळी पुतळाबाई चुलीपाशी लसूण सोलत बसल्या होत्या आणि ओट्यावर आप्पा फोनवर होते.

"न्हाई ओ ड्रायव्हरसायब! माझा त्या भांडगाववाल्यावर पयल्यापासून इश्वास न्हाई!"

पुतळाबाईंच्या हातातली पाकळी खाली पडली.

"तोंडावर साखर हो नुसती! आन् तिकडं पुण्याला एक बायको करून बसलाय! व्हय, व्हय, बायको! घरात कुणाला पत्ता न्हाई!" आप्पा क्षणभर थांबले, पलीकडचं ऐकलं आणि पुन्हा गरजले, "आता चौफुल्याला गाठलं पायजे! चौफुल्याला समदं ठाव हाय!"

फोन ठेवून आप्पांनी पायात चपला सरकवल्या. "जरा चौफुल्याला जाऊन येतो गं," म्हणाले आणि निघालेसुद्धा. चष्म्याची दांडी तुटली होती, ती बसवून आणायची होती. ते पुतळाबाईंना कुठं माहीत? त्यांना वाटलं, माणूस चौकशीला गेला. आपल्याला धक्का बसेल म्हणून बोलला नाही बिचारा. त्या तिथंच बसून रडल्या आणि मग डोळे पुसून त्यांनी साखरबाईला फोन लावला.

साखरबाई ही फोनवर ऐकून गप्प बसणारी बाई नव्हे. ती पदर खोचून थेट पाहुण्यांच्या दारात गेली आणि तिनं भर आळीत विचारलं, "पुण्याची सून कवा आणताय घरी?"

आप्पा दुपारी परतले तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. गौतमी दुकानातून येऊन भिंतीकडं तोंड करून पडली होती. पुतळाबाईंनी चहाची कपबशी त्यांच्यापुढं आदळली. आप्पांनी ती शांतपणे उचलली, फुंकर मारली आणि दुरुस्त चष्म्यातून पुढचं प्रकरण उघडलं. कादंबरी अशा ठिकाणी आली होती की घराला आग लागली असती तरी ते पान संपवून उठले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात मोटारसायकल उभी राहिली. पुढं मुलाचे वडील ज्ञानदेव, मागं साखरबाई. ज्ञानदेव शांत, सरळ माणूस. पण त्या दिवशी चेहरा उतरला होता. त्यांनी जय भीम केला, पाणी घेतलं नाही.

"आप्पा, माझ्या पोराची पुण्याला बायको हाय म्हंता? मग नाव सांगा. न्हाईतर हितून पुढं आपला संबंध न्हाई."

आप्पा टकामका बघत राहिले. "कोण म्हणलं असं?"

"तुमीच की!" पुतळाबाईंचा बांध फुटला. "काल फोनवर! भांडगाववाल्यावर इश्वास न्हाई, पुण्याला बायको हाय, चौफुल्याला ईचारतो! अवं, आता कशापायी लपवताय?"

आप्पांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि नको त्या वेळी त्यांना हसू फुटलं. ते असं फुटलं की आवरेना. ज्ञानदेव उठून उभेच राहिले. "बसा, बसा पाव्हणं," म्हणत आप्पा आत धावले आणि ते जाडजूड पुस्तक घेऊन आले. ही न्हावरे, हा पारगाव, हा वकील चौफुला, आणि हा बघा डॉक्टर, ह्याला म्हणायचं भांडगाव, असं सगळं त्यांनी घाम पुसत समजावलं. साक्षीला पोपटरावांना फोन लावून स्पीकर चालू केला.

"कोण? भांडगाव?" पोपटराव तिकडून गरजले. "आवो त्यानंच मारलीय म्हातारी! मी पयल्या दिसापासनं सांगतोय!"

साखरबाईनं तोंडाला पदर लावला. पुतळाबाई कपाळावर हात मारून मटकन खाली बसल्या. आतल्या खोलीच्या दारात उभ्या गौतमीच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा रंग आला. पण ज्ञानदेव हसले नाहीत.

"पुस्तक तर पुस्तक," ते म्हणाले. "पण वाईट माणसाला आमचंच गाव बरं सापडलं? मनात काही असल्याबिगर माणूस असं नाव ठेवत न्हाई, आप्पा."

आप्पांचं हसू मावळलं. ह्या माणसाला खरंच लागलं होतं. "चौफुल्यामागं भांडगावच येतं हो," ते हळू आवाजात म्हणाले. "गाडी तशीच जाती. मी काय करू?"

"ते मला कळलं. आळीला कसं कळावं? साखरबाईनं समद्यांसमोर ओरडून सांगितलंय. आता मी घरी जाऊन काय सांगू? पुस्तकातला भांडगाववाला खुनी हाय, म्हणून माझ्या पोराला बोलले? लोक रविवारी तोंडावर हसत्याल." त्यांनी पुस्तकाकडं बोट केलं. "त्यो शेवटी सुटतो का धरला जातो, तेवढं सांगा. सुटत आसंल तर मीबी हसून सांगीन लोकांना. न्हाईतर साखरपुडा जरा लांबवू. बघू मग."

ह्या 'बघू मग'चा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला. लांबलेलं लग्न बहुतेक लांबतच जातं.

आप्पांनी पुस्तक मांडीवर घेतलं. न वाचलेल्या पानांना रबरबँड होता. आयुष्यात त्यांनी शेवटचं पान आधी बघितलं नव्हतं, आणि ही तर त्यांना मिळालेली सगळ्यात झकास कादंबरी. पण पोरीपुढं पुस्तकाची काय कथा? त्यांनी गौतमीकडं बघितलं, मोठा श्वास घेतला आणि रबरबँडमध्ये बोट घातलं.

"आप्पा, थांबा," गौतमी पुढं आली. "सोडू नका. मी वाचलंय ते."

"तू? कवा?"

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा. तुमच्या आधीच संपवलं." ती ज्ञानदेवांकडं वळली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "डॉक्टर सुटतो, मामा. बिचाऱ्याचा काहीच दोष नसतो. उगाच सगळे त्याच्यावर संशय घेतात."

ज्ञानदेवांनी तिच्याकडं बघितलं. मग त्यांचे खांदे सैल झाले आणि ते हसले, अगदी पोटातून. "सुटतो व्हय? मग चहा टाक पोरी. आन् आप्पा, तुमचं वाचून झालं की पुस्तक मला द्या. आमचा गाववाला कसा सुटला ते बघतो की."

चहा झाला, साखरबाईनं स्वतःच्याच फजितीची नक्कल करून दाखवली, रविवार ठरल्याप्रमाणे पक्का झाला. आप्पा सगळ्यांबरोबर हसले. पण पाहुणे गेल्यावर पुस्तक उघडलं तेव्हा त्यांचा जीव थोडा हळहळला. पोरीनं संसार सावरला, पण डॉक्टर सुटतो हे सांगून अर्धी मजा घालवली होती. पोपटरावांना त्यांनी सांगितलं, "भांडगाव सोडून बोला आता. त्यो गाडीतून उतरला."

मग दोघांनी उरलेल्या सगळ्यांवर संशय घेतला. पारगाववर घेतला, केडगाववर घेतला, चौफुल्याची तर पार सालटी काढली. एकदा राहूवरही घेऊन आप्पांनी जीभ चावली. साखरपुडा थाटात झाला, मांडवातही आप्पांच्या डोक्यात मधूनच बंगला येत होता. आणि त्यानंतर एका दुपारी, ओट्यावर, शेवटच्या प्रकरणात तपास अधिकाऱ्यानं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं, एकेकाला बाजूला काढलं, आणि डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं ए गौतमे!"

ती ओरड ऐकून शेजारची कोंबडी उडाली. गौतमी बाहेर आली तेव्हा आप्पा उभे होते, पुस्तक हातात, आणि आनंदानं अक्षरशः थरथरत होते. असा चकवा त्यांना कुठल्याच कादंबरीनं दिला नव्हता. "भांडगावच की गं! डॉक्टरनंच मारली! आन् तू मला म्हणालीस सुटतो?"

"मग काय खरं सांगायचं होतं?" ती हसत म्हणाली. "खरं सांगितलं असतं तर माझं लग्न गेलं असतं आणि तुमचं पुस्तकही. दोन्ही वाचलं की नाही?"

आप्पा खाली बसले. रबरबँड सोडायला निघालेलं आपलं बोट हिनं बघितलं होतं, आणि आपला जीव त्यात किती अडकलाय हेही. त्यांना भरून आलं. "तू गेल्यावर मला असं फसवायला कोण हाय गं आता?" असं ते म्हणाले आणि चष्मा काढून उगाच पुसत बसले.

पुस्तक मात्र त्यांनी ज्ञानदेवांना दिलं नाही. लग्नाची घाई आहे, पोपटरावांकडं आहे, वाचनालयानं परत मागितलंय, अशा नाना थापा मारल्या. लग्न लागलं, गौतमी भांडगावला नांदायला गेली. मग एक दिवस त्यांनी ते पुन्हा आणून जावयाच्या हाती व्याह्यांकडं पाठवून दिलं.

पुढं कधीतरी भरदुपारी फोन वाजला. "आप्पा!" ज्ञानदेव ओरडत होते, पोपटरावांहूनही मोठ्यानं. "आवो डॉक्टरच खुनी निघाला की! तुमची पोरगी माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलली!"

"व्हय," आप्पा म्हणाले. "पण आता माझ्याकडं तक्रार कशाला करता? ती आता भांडगाववाली हाय."