शेंडा खुडलेलं झाड

माझ्या हातून शेकडो राक्षस मेलेत आणि एक सोडून सगळे एकाच वाराने. हुलसूरच्या माझ्या बियाणांच्या दुकानात बसून हे सांगितलं की लोक चहा मागवतात.

माझी लेक बेंगळुरूत कॉम्प्युटरवरचे लढाईचे खेळ बनवते. दिवाळीला आली ती अर्धवट खेळ लॅपटॉपमध्ये घेऊनच. लढाई जिंकली की गुण मिळतो, तो खर्चून पडद्यावरच्या एका झाडावरचा नवा डाव शिकायचा. मधल्या फांदीवर तलवार, एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला ढाल. हे झाड बनवणं तिचं काम. सोमवारी साहेबांना दाखवायचं होतं; पटलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"अप्पा, जरा खेळून बघा."

मी मधल्या फांदीने सरळ वर चढलो. टोकाला आगीची तलवार होती. मग दोन दिवस एकच बटण.

"सगळ्यांना त्याच वारानं कामून मारायलात?"

"मरायलेत की."

"बाकीचे डाव?"

"कशाला लागतेत?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "घरात दोन दिवस एकच भाजी केली की ताट सरकवतेत, बघ तुझे अप्पा."

मी हसलो. लेक हसली नाही. "सगळे तुमच्यासारखंच करणार. मग मी एवढे डाव कुणासाठी बनवले?"

तिने तलवारीचा जोर कमी केला, तरी मी ती सोडेना. शेवटी तिला शेतात नेलं. यंदा बांधाकडच्या दोन ओळींतल्या तुरीचे शेंडे खुडायचे राहिले होते. ती तूर काठीसारखी वर गेलेली. खुडलेली बुटकी, पण चहूबाजूंनी फांद्या आणि पिवळी फुलं. लेक दोन्हींच्या मध्ये बराच वेळ उभी राहिली.

घरी येऊन तिने टोकाची तलवारच काढून टाकली. तिची आग बाजूच्या फांद्यांवर वाटली: थोडी जाळ्याला, थोडी ढालीला.

रविवारी एका उडणाऱ्या राक्षसाने मला इतक्या वेळा लोळवलं की बायको भाकरी सोडून बघायला आली. शेवटी त्याला जाळ्यात ओढलं, ढालीवर घेतलं आणि पेटवलं. खुर्चीवरून कधी उठलो, कळलं नाही.

"जाळं कामून टाकलात, अप्पा?"

"काय करू? तलवार तर तू मोडलीस."

तिने समाधानाने लॅपटॉप मिटला आणि बॅग भरायला घेतली.

सोमवारी संध्याकाळी फोन आला. साहेबांना झाड पटलं होतं.

"अन् माझी तलवार?" मी विचारलं.

"न्हाई मिळणार."