पप्पांची गिटार, माझा हात

जिंतूरच्या स्टँडवर सकाळच्या पुण्याच्या गाडीत पप्पांनी आधी माझी बॅग चढवली आणि मग स्वतःची लाल इलेक्ट्रिक गिटार माझ्या शेजारी उभी करून ठेवली. ते एसटी डेपोत मेकॅनिक, म्हणून कंडक्टर काही बोलला नाही. मला धड चार गाणी वाजवता येत नाहीत, कशाला देताय, असं मी म्हणाले तर पप्पा म्हणाले, "पार्टीत आता कीबोर्ड आलाय माय, हिला कोण इचारायलंय? नव्या मुलखात तुला करमायचं नाई. सोबत ऱ्हाऊ दे." जयंतीच्या दिवसांत आमच्या वस्तीच्या गायन पार्टीबरोबर ते गावोगाव वाजवत फिरायचे. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. करमायचं नव्हतं ते खरं तर त्यांना.

तुमच्यापैकी जे गावीच राहिले, त्यांना मी चाकणला 'मोठ्या कंपनीत' आहे एवढंच ठाऊक. जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना बाकीचं सांगायला नको. कासारवाडीत चौघींची एक खोली, पहाटेची कंपनीची बस, वर ओव्हरटाइम. मी क्वालिटीला लागले. गाडीचे पार्ट मोजायचे आणि केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचे. गावाकडे 'असंल बोटभर' म्हणून भागायचं, इथं तसं म्हणण्याची सोय नाही. हळूहळू बोलणंही बदललं. 'करायलीस', 'जायलीस' फक्त पप्पांच्या फोनपुरतं उरलं, आणि पुढं पुढं तेही अडखळायला लागलं.

चऱ्होलीत स्वतःचा छोटा फ्लॅट झाला, तोवर गिटार कपाटावर सात वर्षं पडून होती. एका रविवारी खाली काढली. तारा गंजलेल्या, आवाजाचं बटण फिरवलं की खरखर. तारा नव्या टाकल्या, फ्रेटबोर्ड मऊ फडक्यानं पुसला, बटणात क्लीनर मारला. मग मोबाइलच्या ट्यूनरवर सूर तपासला. मोकळी तार बरोबर बोलायची, पण तीच तार दांडीवरच्या बाराव्या पट्टीवर, बाराव्या फ्रेटवर, दाबली की सूर उतरायचा. सहाही तारांचं तेच. खालच्या टोकाला तारा जिथं टेकतात त्या ब्रिजवर प्रत्येक तारेखाली एक छोटं सॅडल असतं. स्क्रू फिरवून ते पुढे घेतलं की तार आखूड होते आणि दाबलेला सूर चढतो, मागे घेतलं की उतरतो. पप्पांनी सहाही सॅडल भलतीच मागे ठेवली होती. म्हटलं, हा माणूस जन्मभर चुकीच्या सेटिंगवर वाजवत राहिला! एकेक सॅडल पुढे घेतलं, ट्यूनरचा काटा बरोबर मधोमध आणला, आणि फुशारकी मारायला पार्टीतल्या ढोलकीवाल्या प्रकाशकाकांना फोन लावला.

"काय केलंस गं पोरी हे?" काका म्हणाले. "तुझ्या बापाचा हात पान्यावरचा. तार अशी करकचून दाबतो की सूर आपोआप चढतो. म्हणून त्यानं ते मागं घेऊन ठेवलं होतं. दोन उन्हाळे खपला त्याच्यासाठी."

कंपनीत आधीचं रीडिंग लिहिल्याशिवाय कुणी स्क्रूला हात लावला, तर मीच त्याला फैलावर घेते. आणि घरी मी एक आकडा लिहिला नव्हता, साधा फोटो काढला नव्हता. माझ्या बापाच्या हाताचं माप होतं ते, आणि ते मी शहाणपणा करून पुसून टाकलं होतं. काकांना शपथ घातली, पप्पांना सांगू नका. पुढे कित्येक दिवस गिटारकडे बघवेना.

गेल्या वर्षी पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. मी जाऊन त्यांना चऱ्होलीला घेऊन आले. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "हात बरा झाला की मी जातो. लेकीच्या घरी किती दिवस ऱ्हायचं?" खिडकीतून समोरच्या बिल्डिंगा बघत बसायचे. इथं कुणी कुणाला हाक मारत नाही का, असं एकदा विचारलं. सकाळी व्यायाम शिकवायला एक ताई यायची, तेवढाच माणसाचा आवाज.

तीन महिन्यांनी बोटं हलायला लागली आणि त्यांनी गिटार मागितली. त्यांनी मोकळी तार छेडली, बारावा फ्रेट दाबला, कान लावून ऐकलं.

"बरी बोलायली की."

सुटले, असं वाटलं. ते क्षणभरच. मग ध्यानात आलं की त्या हातात पाना फिरवणारं बळच उरलं नव्हतं. ते माझ्याइतकंच हलकं दाबत होते, म्हणून माझ्या मापावर त्यांचा सूर बरोबर येत होता. ओट्याशी जाऊन मी नळ सोडला आणि रडून घेतलं. परत येऊन सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत. खूप वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.

तेव्हापासून मी वही ठेवली. दर रविवारी पप्पा बारावा फ्रेट दाबणार आणि मी काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवणार. सूर चढला म्हणजे हातात बळ आलं, असा साधा हिशेब. पण हात बरा झाला की ते जाणार होते. मला त्यांचा हात बरा व्हायला हवा होता आणि ते जायला नको होते. देवाला मानत नाही म्हणून बरं, नाहीतर मागितलं काय असतं? कधी कधी मनात यायचं, गुपचूप अर्धा फेरा सॅडल मागे घ्यावं. सूर चढल्याचं त्यांना कळणारच नाही. एका शनिवारी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसलेसुद्धा. पण नाही फिरवला.

आणि पाच रविवारांमागे काटा उजवीकडे, चढ्या बाजूला गेला. किंचितच, पण गेला. ट्यूनरकडे न बघताच पप्पांना कळलं. कान कुणाचे ते!

"चढायला, नाई?"

"हो पप्पा, चढलाय." आकडा लिहिला. वही मिटली आणि कोरड्या आवाजात विचारलं, "तुमच्या हाताला करून देऊ का? पहिल्यासारखी मागे घेते सगळी." मग गिटारही जाईल आणि तेही, हे मला दिसत होतं.

पप्पांनी खिशातली किल्ली चाचपली. नऊ वर्षं मी समजत होते की घर सोडलं ते मी एकटीनं. नवी जागा, नवी बोली, सगळं शिकावं लागलं ते मला. आमच्या जिंतूरच्या घराला आता कुलूप होतं, आणि त्याची किल्ली खिशात ठेवून एक म्हातारा माणूस माझ्या हॉलमध्ये काय ठरवत बसला होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"नको सरकवू," पप्पा म्हणाले. "तुझ्या हाताला बसली हाय ती. मीच हलकं दाबत जाईन."

त्यांनी तीच तार पुन्हा छेडली. ज्या हातानं जन्मभर गंजलेले नट सोडवले, तो हात त्यांनी जपून, शिकाऊ माणसासारखा बाराव्या फ्रेटवर ठेवला. काटा हलत हलत मधे आला आणि थांबला.