पुरून उरणारा बॉयलर

"मला पुरून उरेल."

थेल्मा सग्डनच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. लोकरीचा कोट घेतला की त्यावर हात फिरवून म्हणायची, मला पुरून उरेल. किटलीला, जिन्यावरच्या गालिच्याला, मांजराला, सगळ्यांना तिनं हाच दाखला दिला होता. आमच्या खोऱ्यात म्हाताऱ्या माणसांची खरेदी अशीच चालते. आपल्या उरलेल्या आयुष्याला वस्तू लावून बघायची, वस्तू बोटभर लांब निघाली की समाधान. मांजर मात्र तिच्या आधी गेलं, आणि त्याबद्दल तिनं त्याला कधी माफ केलं नाही.

त्या हिवाळ्यात तिनं हे वाक्य म्हणायचं सोडलं.

तिच्या स्वयंपाकघरात, मोरीशेजारच्या कपाटात बॉयलर होता. नवरा क्लिफर्ड असताना बसवलेला. घर गरम ठेवायचा, अंघोळीचं पाणी द्यायचा, आणि सकाळी पेटताना हळू गुरगुरायचा. आता तो पेटण्याआधी दम धरायचा. मग आतून धप्प आवाज व्हायचा आणि कपाटाचं दार थरथरायचं. वर अंथरुणात पडलेली थेल्मा त्या आवाजाची वाट बघत जागी असायची.

उठलं की डोकं जड. ओट्याशी उभं राहिलं की पाय कापसाचे. बाहेर पडून टेकडी चढून आलं की बरं वाटायचं, घरात शिरलं की पुन्हा कपाळ दाबून धरल्यासारखं. वय झालं, ती स्वतःला सांगायची. पण टेकडीवर गेल्यावर हे वय कुठं जातं, हा प्रश्न काही तिला सोडत नव्हता. बिघडलेल्या बॉयलरमधून जो विषारी वायू येतो त्याला वास नसतो, रंग नसतो, हे तिला ठाऊक होतं. खोऱ्याच्या खालच्या टोकाला एक जोडपं असंच गेलं होतं. शेजारी आत शिरले तेव्हा दोघं खुर्च्यांत नीट बसलेली होती, मांडीवर पांघरूण, गाल गुलाबी.

आधी तिनं शहरातल्या दुकानातून माणूस बोलावला. चकचकीत बूट, गळ्यात दुकानाच्या नावाचा पट्टा. त्यानं बॉयलरचं झाकणसुद्धा उघडलं नाही. कपाटासमोर उभा राहून म्हणाला, "हा संपलाय, बाई. इथं एखाद्या सकाळी तुम्ही सापडाल. नव्यासाठी आज सही केलीत तर बरं."

सही थेल्मानं केली नाही, पण त्याच पावली जाऊन हेडलीला घेऊन आली.

हेडली क्राउदर हा आमच्या गावचा नळवाला. आता थकला होता, धंदा सोडला होता, पण जुन्या घरांचं बघायचा. चर्चमध्ये क्लिफर्डच्या शेजारी उभा राहून खर्जात गायचा. दार न वाजवता मागच्या दारानं यायचा, पायपुसण्यावर बूट घासायचा आणि चहा होईपर्यंत काम उरकायचा. कुणाला नाही म्हणणं त्याला जमलंच नाही कधी.

"अगं, दुकानदार आहे तो," हेडली हसला. "घाबरवणार नाही तर विकणार काय?" त्यानं झाकण काढलं, चष्मा वर सरकवला, आत वाकून बघितलं. "निळी आहे ज्योत. थोडा खोकतोय, एवढंच. तुझ्या-माझ्यासारखा. तुला पुरून उरेल बघ."

तिच्याच तोंडचं वाक्य तिला परत मिळालं, आणि तिला त्या रात्री झोप लागली. सकाळी पुन्हा धप्प झालं, आणि डोक्यात घण बसायला लागले.

शुक्रवारी ती ट्रेव्हरच्या दुकानासमोर तळलेल्या माशांसाठी रांगेत उभी होती. नंबर आला तेव्हा ती आवाज खाली आणून म्हणाली, "ट्रेव्हर, बॉयलरसाठी माणूस पाहिजे. विश्वासाचा."

"गेनरला बोलाव. पण आधीच सांगतो, तोंडाची फटकळ आहे."

"काम कसं आहे?"

"ऐन शुक्रवारी माझ्या कढया बंद केल्या तिनं. रांग पार पुलापर्यंत. म्हटलं, बाई, एवढी गर्दी उरकू दे. म्हणाली, यांना खाऊ घाल नाहीतर मार, एक काहीतरी ठरव."

"तुझे मासे खाल्ले की दोन्ही होतं," मागून कोणीतरी म्हणालं. रांग हसली.

थेल्माला हसू आलं नाही. "आणि तरी तिलाच बोलाव म्हणतोस?"

"म्हणून तर," ट्रेव्हर म्हणाला आणि माशावर व्हिनेगर शिंपडलं.

गेनर आली ती बुटकी, केस पांढरे, गुडघ्यांना गाद्या बांधलेल्या. आत शिरताच तिनं खिशातून गॅसच्या कामाचं ओळखपत्र काढून थेल्मासमोर धरलं. थेल्मानं बघितल्यासारखं केलं आणि किटली ठेवायला वळली.

"नीट वाचा, मावशी. मागची बाजूपण, कुठल्या कामाचा परवाना आहे ते तिथं असतं. आणि चहा नंतर."

आमच्याकडे कामाला आलेला माणूस चहा नाकारत नाही. थेल्माचा जीव आणखी लहान झाला.

गेनरनं झाकण काढलं. आत सगळं काजळलेलं होतं. ज्योत पिवळी होती, आळसावून वर चाटत होती. गेनरच्या हातातली विषारी वायू ओळखायची डबी एकदम किंचाळायला लागली.

"खिडकी उघडा. मागचं दारही." तोवर तिनं गॅसची तोटी बंद केली होती. मग ती भिंतीवरून हात फिरवत गेली. "हवा यायचं भोक कुठंय?"

थेल्मानं खिडकीखालचं लाकडी झाकण दाखवलं. "वारा यायचा तिथून. पाय गारठायचे. म्हणून बुजवलं."

गेनरनं झाकण उचकटलं आणि आतून दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याची गुंडाळी ओढून काढली. पाठोपाठ टेकडीवरचं गार वारं आत आलं.

"आगीला श्वास लागतो, मावशी. तिचा कोंडला की ती तुमचा घेते. कोणी केलं हे?"

बॉयलरपेक्षा आता थेल्माला या प्रश्नाची भीती वाटत होती.

"कोणीही असो, त्याचं ओळखपत्र बघितलं होतं?"

"कसं बघणार? क्लिफर्डच्या शवपेटीला खांदा दिलाय त्यानं." तिचा आवाज फाटला. "ज्यानं खांदा दिला त्याला कागद दाखव म्हणायचं?"

गेनरनं नमद्याची गुंडाळी खाली ठेवली. "बॉयलर बघून काय म्हणाला?"

"मला पुरून उरेल म्हणाला."

गेनरनं काजळीकडे बघितलं. "खोटं नाही बोलला."

थेल्मा खुर्चीत बसली. अंघोळीपुरता तरी आज चालू दे, असं ती म्हणून बघत होती. गेनर म्हणाली, नाही. उद्या सकाळपर्यंत तरी? नाही. तिनं बॉयलरवर लाल चिठ्ठी चिकटवली आणि गाडीतून उबेसाठी विजेची शेगडी आणून ओट्याशी ठेवली. "नवा मी बसवीन, नाहीतर कोणी दुसरा. ते तुमचं तुम्ही ठरवा. हा मात्र पुन्हा पेटणार नाही."

या स्वयंपाकघरात कितीतरी वर्षांत तिला कोणी नाही म्हटलं नव्हतं. तिला रडूही येत होतं आणि पायाखाली जमीनही लागत होती.

"तूच बसव," ती म्हणाली.

"बसवते. आता सांगा, या माणसानं असं आणखी कुठं बुजवलंय?"

थेल्मा आठवायला लागली, आणि आठवता आठवता तिचा चेहरा पांढरा पडला. नमदा कापून झाल्यावर हेडलीनं उरलेला तुकडा काखेत मारला होता. ऑड्रीपण वाऱ्यानं कुरकुरते, म्हणाला होता. ऑड्री त्याची बायको. गेल्या रविवारी ती चर्चला आली नव्हती. झोपूनच असते आताशा, डोकं उठतं म्हणते, वय झालं, असं हेडली सांगत होता आणि थेल्मा मान डोलावत होती.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. घरी असला की हेडली कानातलं यंत्र काढून ठेवायचा.

"पत्ता सांगा," गेनर किल्ल्या उचलत म्हणाली.

"वर, माथ्याला. गाडीला पुलावरून वळसा आहे. पायऱ्यांनी मी आधी पोचेन."

"तुम्ही बसा. तुमच्याच अंगात ते विष भरलंय."

"तू दार वाजवलंस तरी त्याला ऐकू जाणार नाही. मागून जावं लागतं."

गेनरनं तिच्याकडे बघितलं. "पोचलात की दारं सताड उघडा आणि तिला बाहेर काढा. कोण चुकलं ते नंतर."

थेल्मा कोट न घेताच निघाली. घरातल्या सपाता, कमरेला एप्रन. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. ती कठड्याला धरून चढत होती, दम लागला की कपाळ कठड्याला टेकत होती, पुन्हा चढत होती. खाली गेनर गाडीचं दार उघडून उभी होती. फोनवर ती रुग्णवाहिकेला रस्ता सांगत होती, गाडी सुरू होती, पण भिंतीच्या वळणाआड एप्रनची गाठ दिसेनाशी होईपर्यंत तिची नजर पायऱ्यांवरून हलली नाही.