इंडेक्स शीटवरचा शेवटचा फोटो

माझ्या मावशीला सगळे तिकीटमावशी म्हणतात. फोटोच्या दुकानात ती शेकडो फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे करून एकाच कागदावर ओळीने बसवते. माऊसला हात लावत नाही. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एका ओळीची कमांड टाइप करते, एंटर मारते, की शीट तयार. "एकेक उघडत बसलीस तर इथेच म्हातारी होशील," मला ऐकवते.

परवा फोटोग्राफरकाकांची बायको आली. काका महिन्यापूर्वी भरदुपारी स्टुडिओतच वारले. खुर्चीत, कॅमेरा मांडीवर, दाराला आतून कडी. काकूंनी कॅमेऱ्यातलं कार्ड टेबलावर ठेवलं.

"शेवटी काय काढलं त्यांनी, बघायचंय. एकटेच होते गं. तेच मनातून जात नाही."

मावशीने शीट काढली. पहिल्याच ओळीत रिकामा स्टुडिओ, शेवटी कुणाचा तरी वाढदिवस.

"मावशी, उलटंच आलंय!"

"कॅमेऱ्याचे आकडे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवला संपले, पुन्हा एकपासून लागले. मी नावाने लावले, म्हणून नवे फोटो वर जाऊन बसले. वीस वर्षं झाली, तरी हीच चूक करते मेली!"

तिने कमांड बदलून फोटो वेळेप्रमाणे लावले. शेवटची ओळ सरळ झाली. खिडकी. पडदा. कोरी भिंत. मग रिकामं स्टूल, तीनदा, दर वेळी जरा जवळून. आणि शेवटी स्वतः काका, डोळे मिटलेले, मांडीवर कॅमेरा.

"आरशात काढला असेल," मी पुटपुटले.

"लेन्सवर झाकण आहे, बघ."

"मग दुसऱ्या कॅमेऱ्याने?"

"कार्ड ह्याच कॅमेऱ्याचं. आकडाही ह्याचाच, ओळीने पुढचा." मावशीने बोट डिलीटच्या बटणावर नेलं. "काढून टाकते हा. काकूंना कशाला दाखवायचा..."

"थांब." काकू कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही. वाकून त्या स्क्रीनला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसून काढलाय की गं कोणीतरी," त्या म्हणाल्या, आणि महिन्याभराचा श्वास सोडावा तसा सोडला. "नव्हते एकटे. हा मोठा करून दे मला."

मावशीने एंटर दाबलं. कागद हळूहळू बाहेर येऊ लागला. काकू हात पुढे करून उभ्या. आम्ही दोघी मात्र भिंतीकडे तोंड करून.