दाढ, गोळी आणि डावा कान

वसमतजवळच्या साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागलो, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. घर लांब सांगलीकडं, शाळा सातवीतच सुटलेली. परक्या मुलखात मला सगळ्याचीच धास्ती, त्यात दाढ सुजली. दातांच्या दवाखान्याच्या जिन्यावरून दोनदा परत फिरलो. आतून यंत्राची घरघर आली की पाय आपोआप खाली उतरायचे.

ज्यांच्याकडं मी जेवायचो, त्या मावशींच्या हे लक्षात आलं. भाकरी वरणात भिजवून मी तिचा नुसता काला करायचो.

"दाढ दुखून राहिली, तर काढीत काहून न्हाईस?"

"आज कमी आहे, मावशी."

"व्हय, गाल तर पुरीवानी फुगलाय."

बाजाराच्या दिवशी त्यांनी मला मनगटाला धरून जिना चढवला. डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच. मी दाराची चौकट सोडेना, हे पाहून त्यांनी मला त्या खुर्चीत बसवलंच नाही. बाहेरच्या बाकावर शेजारी येऊन बसल्या.

"भीती वाटणाऱ्यांसाठी सोय असते. आधी गोळी देते. तासाभरात गुंगी येईल. जागेच राहाल, पण धडधड थांबेल. मग सुई देऊन बधिर करते. पूर्ण भूल हवी तर नांदेडला मोठ्या दवाखान्यात जा, पण एका दाढेसाठी कशाला?"

गोळी पटली. पण 'बधिर' हा शब्द मी फक्त मूकबधिर शाळेच्या पाटीवर वाचला होता.

"किती दिवस बधिर?"

"दिवस कसले? दोन-तीन तास."

"दोन्हीकडून?"

"छे, एकीकडूनच. दुखते ती डावी बाजू."

माझं धाबंच दणाणलं. "मॅडम, उजवी केली तर? आज आईला फोन करायचाय. ती शेजाऱ्यांकडं वाट बघत बसते. माझ्या उजव्या कानात कारखाना बसलाय, ऐकू येतं ते डाव्यानंच."

मावशींनी पदर तोंडाला लावला.

"अरे येड्या, सुन्न करणार हैत, सुन्न! हिरडीला! कानाला कोण काय करून राहिलंय?"

बाईही पोट धरून हसल्या. पण सुई देऊन झाल्यावर माझ्या डाव्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "येतंय ना ऐकू?" मी मान हलवली. जबड्यात काहीतरी ओढाताण चालली होती, ते कळत होतं. पण ती जणू दुसऱ्याच कुणाची भानगड. गोळीची किमया! दाढ ट्रेमध्ये टण्णकन पडली तेव्हा मी मागं वळून बघितलं, कुणाची म्हणून.

चाल जरा डुलत होती, म्हणून मावशी एसटीडी बूथपर्यंत सोबत आल्या. आईचा आवाज अगदी लख्ख आला. घोटाळा माझ्या जिभेचा झाला.

"आई, हाह काहली..."

"पिऊन आलायस व्हय रं?"

"न्हाय... गोही..."

"कसली गोळी? काय खाल्लंस रं बाबा?"

मावशींनी रिसीव्हर हिसकावला. "अवो बाई, दाढ काढली पोराची! दारू न्हाई, दवा हाय."

"तुमी कोण?" आई एवढ्या मोठ्यानं ओरडली की मलाही ऐकू आलं.

"जेवाया घालते त्याला."

मग त्या दोघींचं जे सुरू झालं, त्यात मला शिरकावच नव्हता. मी बूथच्या दाराला टेकून कापूस चावत उभा राहिलो. त्या मुलखात इतकं निर्धास्त मला आधी कधी वाटलं नव्हतं. त्यात गोळीचा वाटा किती आणि त्या दोघींचा किती, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नसतं.