सातवी पास

वाशीमच्या ढोरायच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे एक ड्रेसर होते. कोणी त्यायले "डाक्टरसायेब" म्हटलं की ते लगेच टोकत, "डाक्टर दौऱ्यावर हायेत. मी सातवी पास." दिवसातून दहा डाव! जनावराले हात लावायच्या आधी ते त्याच्या पाठीवर तळवा ठेवून उभे राहत, घरात येऊ का म्हणून इचारून राह्यले जसे.

मी तवा मॅट्रिकले होतो. मले ढोरायचा डाक्टर व्हायचं होतं, म्हणून मी रोज तिथं जाऊन बसत होतो. मी दिसलो की त्यायचं सुरू, "सायन्स घेतलं ना? इंग्रजी पक्कं हाय? मॅट्रिक, मंग इंटर. त्याबिगर कॉलेजवाले दारात उभं करत नाहीत बापा."

एका दुपारी मळ्यातल्या एका म्हाताऱ्याची गाय अडली. तो तिले गाडीत घालून रडतच आला, "डाक्टरसायेब, वाचवा!"

"मी सातवी पास," म्हणत त्यायनं हाताले कोपरापर्यंत तेल लावलं. पोटातल्या वासराची मान मागं वळेल होती. डोळे मिटून त्यायनं ती हळूहळू सरळ केली, आन् वासरू जितं निघालं! मी तं नाचलोच!

मंग हात धुऊन त्यायनं रजिस्टरात लिहिलं, 'गाय आपोआप मोकळी झाली.'

"काका, हे खोटं कायले लिहिता?"

"मले हे करायची परवानगी नाही. खरं लिहिलं तं नोकरी जाईन." त्यायनं रजिस्टर मिटलं. "तू सायन्स सोडू नको. तुले तरी खरं लिहिता येईन."