वाजवून पाहिलेलं यान

माझ्या भाच्यानं त्याच्या बापाला अंतराळयान पाठवलं, त्या दिवशी मी सेलूच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात एका स्टीलच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, नाव टाकत बसले होते. फोन आला. "आत्या, बाबांसाठी भारीतला कॉम्प्युटर पाठवलाय. त्यात अंतराळाचा एक गेम टाकून दिलाय, जगभरातले लोक मिळून खेळतात. आता त्यांना एकटं वाटणार नाही." मी नाव टाकायचं मशीन बंद केलं आणि विचारलं, "अन् तू कवा येशील?" तो म्हणाला, "बघतो आत्या, सुट्टीचं जमलं की." पुण्याहून मुलगा यायचा तो राहिला आणि यान आलं. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. कचेरीतल्या नोकरीतून सुटला आणि केळझरला, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर घर बांधून राहिला. म्हणायला घर त्याचं, खरं तर ते वहिनीचं. तिचं दार दिवसा लागलेलं मी कधी पाहिलं नाही. गणपतीला जाणारे लोक उन्हाचे तिच्या ओट्याशी थांबायचे, कारण तिथं तांब्याचा हंडा भरलेला असायचा आणि शेजारी आमच्या दुकानातली फुलपात्रं. त्यातलं महिन्याला एखादं नाहीसं व्हायचं. मी चिडायची, "लोकं चोर हायत, वहिनी." ती म्हणायची, "नेलं तं नेलं. घरी जाऊन त्याच्यातून पानीच पेईन ना." अशा बाईशी भांडायचं तरी कसं!

दीड वर्षापूर्वी ती गेली. तेरावं झाल्यावर भावानं हंडा आत घेतला आणि दाराला कडी घातली. तोंडालाही घातली. मी रोज सकाळी फोन करायची. जेवला का, तर हं. गोळी घेतली का, तर हं. वहिनीचा विषय काढला की, "ठेवतो, कोनी आलं वाटते." आता ज्यानं दिवसाढवळ्या कडी लावून घेतली आहे त्याच्याकडे रोज कोण येत होतं, देव जाणे. मला एवढंच हवं होतं की त्यानं एकदा तिच्याबद्दल बोलावं, रडावं, हवं तर मला शिव्या द्याव्या. आतल्या आत माणूस कुजतो. आमचे वडील आईमागं असेच कुजले आणि आम्ही दोघं बघत बसलो. दुसऱ्यांदा तेच बघायची माझी तयारी नव्हती.

यान आल्यावर तर तो हुंकारसुद्धा गेला. तीन-तीनदा फोन लावावा तेव्हा तो उचलायचा आणि म्हणायचा, "उडून राह्यलो होतो." त्रेसष्ट वर्षांचा माणूस. गुडघे दुखतात म्हणून टेकडीवरच्या देवळात जात नाही, आणि उडतो!

मंगळवारी आमचं दुकान बंद असतं. मी एसटीनं केळझर गाठलं आणि दाराची कडी हातानं, मग छत्रीच्या दांड्यानं वाजवली. दहा मिनिटांनी भाऊ आला. गळ्यात हेडफोन, अंगात गंजीफ्रॉक, दाढी वाढलेली.

"काऊन, फोन करून याचं ना," तो म्हणाला.

"तू उचलतं का फोन? हे डबडं परत पाठव. मी सांगतो तुयाच्या पोराले."

तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा दुकानात माल घेतानी काय करायचे?"

त्यानं माझं दुखरं आणि अभिमानाचं ठिकाण एकदम धरलं. आमचे वडील मी दहा वर्षांची असल्यापासून कुठलंही पितळेचं भांडं माझ्या कानाशी आणल्याशिवाय ठेवून घेत नसत. बोटाच्या पेरानं भांड्यावर टिचकी मारायची. चांगलं भांडं लांबवर वाजत राहतं, बारीक चीर असली की आवाज बसका येतो. व्यापारी तोंडानं काहीही सांगो, मी मान हलवली की माल परत. भाऊ शिकला, नोकरीला लागला आणि दुकान माझ्याकडे आलं, ते या कानामुळं.

"तं मंग वाजवून पाह्य," भाऊ म्हणाला. "तीन मंगळवार. तू म्हनशील आवाज बसका हाय, तं मी त्याले सांगतो, घेऊन जा. मायी जबान."

मी कबूल झाले. खरं सांगायचं तर माझी मान हललेलीच होती, आता फक्त तीन मंगळवार काढायचे होते.

पहिल्या मंगळवारी त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाटेवर बसला. पडद्यावर काळंभोर आकाश. दिसायला छान होतं, ते मी नाकारत नाही. मग त्यानं सांगितलं की या एवढ्या अफाट आकाशात जाऊन आपण काय करायचं, तर दगड फोडायचे. तरंगते दगड फोडायचे, त्यातून धातू काढायचा, तो दूरच्या एका तळावर नेऊन द्यायचा, त्यातून यान मोठं करायचं आणि आणखी मोठे दगड फोडायचे. मी म्हटलं, "दगडच फोडाचे होते तं केळझरच्या टेकडीवर काय कमी पडले?" शिवाय दिशा धरायला दोन हात पुरत नाहीत, बोटं बारा लागतात. मी यान एका दगडावर नेऊन आपटलं. भाऊ म्हणाला, "होते असं पहिल्यांदा." ज्या खेळात सूर्याजवळून जाताना ऊन लागत नाही आणि परत आल्यावर कुणी पाणी विचारत नाही, तो खेळ माझ्या हिशेबी नापासच होता.

एक गोष्ट मात्र मला आणखीच खटकली. त्याच्या यानाला नाव नव्हतं. खेळानंच दिलेला एक लांबलचक नंबर होता. दुसऱ्यांच्या यानांवर झोकदार नावं दिसायची. मी म्हटलं, "नाव टाक ना काई. बिननावाचं भांडं लग्नात गेलं तं परत येते का?" तो म्हणाला, "राहू दे." पुन्हा तेच तोंड, कडी घातलेलं.

दुसऱ्या मंगळवारी मी जे ऐकलं त्यानं माझं डोकं फिरलं. भाऊ खेळत होता, मी खाटेवर मेथी निवडत होते. त्याचा हेडफोन बिघडला होता म्हणून लोकांचे आवाज खोलीभर येत होते. कुठला कोण मुलगा हिंदीत विचारत होता, "काका, घुटने का दर्द कैसा है?" एक बाई, बहुतेक आसामकडची, म्हणाली, "दादा, दवाई ली?" आणि भाऊ सांगत होता! सविस्तर सांगत होता. गोळी सकाळची घेतली, रात्रीची उरली, गुडघ्याला तिळाचं तेल लावतो, काल खिचडी केली ती करपली. वर हसत होता. मी मेथीच्या काड्या टोपलीत आपटल्या. अठरा महिने रोज सकाळी मी हेच विचारते तेव्हा मला एक हं मिळतो, आणि ज्यांनी कधी याचं तोंड पाहिलं नाही त्यांना खिचडीसुद्धा सांगायची? घरची बहीण ती भिकारीण आणि आकाशातले पाहुणे?

त्या दिवशी मी त्याच्याशी न बोलता निघाले. एसटीत बसून ठरवलं की पुढच्या मंगळवारी निकाल द्यायचा, आणि तो कसा द्यायचा ते शब्दही जुळवून ठेवले.

तिसऱ्या मंगळवारी ते शब्द तोंडाशी घेऊनच मी गेले. पण गेल्या गेल्या माल परत करणं आमच्या दुकानाच्या रीतीत बसत नाही, म्हणून खुर्चीत बसले. यान एका दगडाशी उभं होतं. भाऊ म्हणाला, "मी चहा मांडतो. तू नुसती पाहात राह्य. कायलेच हात लावू नको." आणि स्वयंपाकघरात गेला.

तेवढ्यात आवाज आला. "कोई है? भाई, मेरा यान फट गया. ऑक्सिजन खत्म हो रहा है." पडद्यावर, आमच्या यानाच्या दाराबाहेर, पांढऱ्या पोशाखातलं एक माणूस तरंगत होतं. हात हलवत होतं. कोपऱ्यात त्याचा श्वास किती उरला त्याचा आकडा कमी होत होता.

मी भावाला हाक मारली. स्वयंपाकघरात गॅस आणि नळ एकदम सुरू, त्याला ऐकू गेलं नाही.

"दरवाज़ा खोल दो, मर जाऊँगा," तो म्हणाला.

दाराचं बटण कुठलं ते पहिल्या मंगळवारी मला दाखवलेलं होतं. आता मला सांगा, दारात उभा राहून कुणी दम कोंडला म्हणतो आणि तुम्ही आत चहाची वाट बघत बसता, हे कोणत्या घरात होतं? मी बटण दाबलं. वर म्हटलंही, "आओ, आओ, बैठो. कहाँ के हो?"

तो कुठला होता ते त्यानं सांगितलं नाही. आत आला आणि माझ्यावर, म्हणजे खेळातल्या माझ्या भावावर, गोळ्या झाडल्या. पडदा लाल झाला. खोलीभर हसणं ऐकू आलं आणि आमचं यान, आतल्या धातूसकट, माझ्या डोळ्यांदेखत निघून गेलं.

भाऊ दोन कप घेऊन आला आणि दारातच थांबला. चार महिने तो ते यान बांधत होता. एक-एक पत्रा त्यानं लावला होता. मला ते ठाऊक होतं, कारण तो आसामच्या बाईला सांगत असताना मी ऐकलं होतं.

"काऊन उघडलं?" त्यानं विचारलं.

मी उसळले. मला खरं तर रडू येत होतं, म्हणून जास्तच ओरडले. "तं काय करू? माणूस मरून राह्यला होता दारात! त्याले म्हनू का, थांब बापा, मायाच्या भावाले विचारतो? कसा हा भिकार खेळ! इथं उपकार करनाऱ्याले गोळी हाय अन् चोर हसते! हे शिकाले बसतं का तू इथं दिवसभर? हाच निकाल मायावाला. आवाज बसका हाय. घेऊन जाय म्हना त्याले!"

भावानं कप खिडकीत ठेवले. खाटेवर बसला. माझ्याकडे पाठ करून त्या लाल पडद्याकडे वळला. मला वाटलं, आता हा मलाही कडी लावणार.

"तिनंबी उघडलं असतं," तो म्हणाला.

वहिनीचं बोलत होता तो.

"आन् मी तिले बोललो असतो," तो पुढं म्हणाला. "तं ती म्हनली असती, नेलं तं नेलं." आणि माझा मोठा भाऊ दोन्ही हातांत तोंड घेऊन रडायला लागला. तेराव्यालाही रडला नव्हता. मी उठून त्याच्याजवळ बसले. चहावर साय धरली.

मग तो बोलला. संध्याकाळ होईपर्यंत बोलत होता. दवाखान्यातला शेवटचा आठवडा, तिनं मागितलेलं आणि डॉक्टरांनी नको म्हटलेलं पाणी, तो हंडा त्यानं आत का घेतला, सगळं. पाण्याचं ऐकल्यावर मला त्या कडीचा राग धरवेना. दुसऱ्या सगळ्याचा मात्र धरवला. दीड वर्षं मी रोज त्या दारावर हात आपटत होते, ते उघडलं नाही. आणि एका नतद्रष्ट चोरट्यानं, ज्याचं गाव मला माहीत नाही, ते एका बटणात उघडलं. हे काय न्यायाचं झालं?

निघताना बघते तर पडद्यावर नवं यान आलं होतं. इवलंसं, फुकटचं, सगळं गेलेल्यांना देतात तसलं. त्याच्याखाली रिकामी चौकट होती, नाव मागणारी.

"तू टाक," भाऊ म्हणाला. "नाव टाकाचं काम तुयंच."

"वहिनीचं टाकू?"

त्यानं मान डोलावली. मी तिचं नाव टाकायला लागले. तिच्या लग्नातल्या भांड्यांवर ते मीच टाकलं होतं, तेव्हा मशीन नव्हतं, छन्नी-हातोडीनं एक-एक टिंब मारून. आम्ही तिला लग्नात दिलेलं नाव. पहिली दोन अक्षरं झाली आणि भावानं माझा हात धरला.

"ते नाई. तिच्या माहेरचं."

मी त्याच्याकडे बघितलं. ते नाव तिच्या माहेरच्यांशिवाय कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"घरात कोनी नसलं की मी तेच म्हनायचो," तो म्हणाला. "तिले आपलं दिलेलं आवडत नव्हतं. तुमाले वाईट वाटन म्हनून कधी बोलली नाई."

पस्तीस वर्षं मी त्या बाईच्या भांड्यांवर, ताटांवर, पाण्याच्या हंड्यावर तिला न आवडणारं नाव टाकत आले, आणि ती प्रत्येक वेळी म्हणाली होती, किती सुंदर टाकलं बाई. मी ती दोन अक्षरं पुसली आणि तो सांगेल तसं एक-एक अक्षर टाकलं.

एसटी स्टँडवरून भाच्याला फोन लावला. "पाहून झाला तुया खेळ," मी म्हटलं. "भिकार हाय. लोकं चोर हायत. आवाज बसका हाय."

"मग परत मागवू का, आत्या?"

"नाई. राहू दे. पन तू येजो."